‘बरा आहे’ या उत्तराची किंमत

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी आमच्या महाविद्यालयातील द्वितीय वर्षाचा एक विद्यार्थी चांदसैली घाटात मोटारसायकलवरून पडला. डोक्याला जबर मार लागला. तळोद्याहून नंदुरबार आणि तेथून परजिल्ह्यातील एक मोठे रुग्णालय असा त्याचा प्रवास झाला, शस्त्रक्रिया झाली आणि पंचवीस दिवसांनी तो आपल्या पायांनी चालत घरी आला. तो वाचला याचे श्रेय उपचार करणाऱ्यांना निःसंशय द्यावयास हवे. डिसेंबरात मी सहज त्याच्या घरी गेलो असता त्याच रुग्णालयातून दूरध्वनी आला. बोलणारी व्यक्ती सौजन्यशील होती. जेवण जाते का, झोप लागते का, चालता येते का, फीट आली होती का, गोळ्या चालू आहेत का, असे पाच-सहा प्रश्न झाले. मुलाने प्रत्येकाचे नीट उत्तर दिले आणि ‘आता कसे वाटते?’ या शेवटच्या प्रश्नावर तो म्हणाला, ‘बरा आहे, सर.’ दोन मिनिटांत संभाषण आटोपले. पलीकडे कोठल्या तरी नोंदवहीत ‘प्रकृती उत्तम’ असा शेरा पडला असणार.

दूरध्वनी बंद झाल्यावर त्याची आई बोलू लागली. शहाद्याला जाताना हा कंडक्टरला पाचशेची नोट देतो आणि उरलेले पैसे न घेताच उतरतो. दळण गिरणीवर ठेवतो आणि आणावयाचे विसरतो. ज्या धाकट्या बहिणीचा अभ्यास पूर्वी घ्यायचा तिच्यावरच आता हात उगारतो. मी स्वतः वर्गात पाहत होतो ते याहून वेगळे नव्हते. तासाची पहिली पंधरा-वीस मिनिटे तो लक्ष देई. नंतर त्याची नजर फळ्यावर असे, पण तो तेथे नसे. मागणी-पुरवठ्याच्या आकृत्या काढण्यासाठी आपण होऊन फळ्यापाशी येणारा हा मुलगा. रुग्णालयाने विचारले ते योग्यच होते, मुलाने सांगितले तेही खरे होते. तरीही त्या नोंदीत सत्य उतरले नाही.

मराठीतील ‘बरा’ हा शब्द मोठा फसवा आहे. दुखण्यातून पूर्ण उठलेला माणूस ‘बरा झाला’ असे आपण म्हणतो आणि जेमतेम चाललेल्या गोष्टीलाही ‘बरे चालले आहे’ असेच म्हणतो. त्यात थोरामोठ्यांनी विचारपूस केली की तक्रारीचा सूर लावू नये हा आपल्याकडचा रिवाज. शासकीय किंवा डॉक्टरी आवाजापुढे तर आमच्या सातपुड्यातला माणूस ‘बरा आहे’ याखेरीज दुसरे काही सहसा बोलतच नाही. या एका शब्दावर रुग्णाच्या पुढील आयुष्याचा हिशेब मांडावयाचा की नाही, हा प्रश्न केवळ डॉक्टरांचा नाही. तो शिक्षकांचा, कारकुनांचा आणि विमा-भरपाईचे कागद तयार करणाऱ्या सर्वांचा आहे.

दुरून विचारपूस करण्याला माझा विरोध आहे असा समज कोणी करून घेऊ नये. धडगाव तालुक्यातल्या पाड्यावरील रुग्णाला दहा मिनिटांच्या तपासणीसाठी मोठ्या शहरात जावयाचे तर त्याची आणि सोबत्याची मिळून चार दिवसांची मजुरी बुडते. प्रवासखर्च आणि तेथील मुक्काम वेगळाच. डोक्याला मार लागलेल्या माणसाला एकटे पाठविता येत नाही, ही त्यातली मुख्य गोम. परिणामी पहिल्या फेरतपासणीला निम्म्या उत्साहाने आणि दुसरीला मुळीच न जाणे हेच येथे घडते. त्यांना ‘बेफिकीर’ म्हणणे सोपे आहे. अर्थशास्त्राच्या भाषेत हा पूर्णपणे विवेकी निर्णय आहे: खर्च निश्चित, लाभ अनिश्चित. अशा प्रदेशात दूरध्वनी ही चैन नसून गरज ठरते.

या कामाची शास्त्रीय साधनेही आज नवी राहिलेली नाहीत. ग्लासगो येथील ग्रॅहॅम टीझडेल व ब्रायन जेनेट यांनी १९७४ साली बेशुद्धीची खोली मोजणारी मोजपट्टी मांडली. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल या तीन गोष्टींवरून ३ ते १५ गुण देण्याची ही पद्धत आज जगभर वापरली जाते. पण रुग्ण दाखल होतानाचे गुण कळले म्हणजे तो पुढे कसा जगेल हे कळले असे होत नाही. म्हणून पुढच्याच वर्षी, १९७५ साली, जेनेट आणि मनोविकारतज्ज्ञ मायकेल बाँड यांनी अंतिम परिणामाची दुसरी पट्टी तयार केली. मृत्यू, जाणीवशून्य जीवन, तीव्र अपंगत्व, मध्यम अपंगत्व आणि चांगली सुधारणा अशा तिच्या पाच पायऱ्या होत्या. पुढे त्यांच्या आठ झाल्या. १९९८ साली तिच्यासाठी ठरावीक प्रश्नांची मुलाखत निश्चित करण्यात आली. ही मुलाखत दूरध्वनीवरूनही घेता येते आणि नीट घेतली तर समोरासमोरच्या मुलाखतीशी तिचा मेळ चांगला बसतो, हेही तपासून पाहिले गेले आहे.

त्या मुलाखतीतले प्रश्न ‘कसे वाटते’ या जातीचे नाहीत. घरात दिवसभर एकटे राहता येते का? एकट्याने बाजारहाट करता येते का? एकट्याने प्रवास करता येतो का? पूर्वीचे काम पूर्वीइतके होते का? घरात भांडणे वाढली का? आणि प्रत्येक प्रश्नापाठोपाठ: अपघातापूर्वी कसे होते? हा ‘अपघातापूर्वी’ फार महत्त्वाचा आहे. जो पूर्वीच कधी एकटा बाजाराला जात नसे त्याचे न जाणे हे इजेचे फळ नव्हे. आणि जो पूर्वी गावभर फिरे त्याचे ओट्यावर बसून राहणे ही विश्रांती नव्हे. जेनेट-बाँड यांनी आणखी एक सावधगिरी सुचविली होती, ती अर्थशास्त्राच्या अध्यापकाला विशेष भावते. कामावर परतणे या एकाच कसोटीवर भिस्त ठेवू नये, कारण काम मिळणे न मिळणे हे रुग्णाच्या मेंदूइतकेच स्थानिक आर्थिक परिस्थितीवर अवलंबून असते, असे त्यांचे म्हणणे होते.

अशा दूरस्थ पाठपुराव्याने काय साधते याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘क्रॅश’ या नावाने ओळखली जाणारी चाचणी. डोक्याला इजा झालेल्यांना स्टिरॉइड देण्याची प्रथा तीसहून अधिक वर्षे कमीअधिक प्रमाणात चालू होती. ४९ देशांतल्या, त्यांत भारतही होता, १०,००८ प्रौढ रुग्णांवर तिची परीक्षा झाली. सहा महिन्यांनी पत्राने, दूरध्वनीने, प्रसंगी घरी जाऊन विचारपूस करण्यात आली आणि ९,६७३ जणांची, म्हणजे शेकडा ९६.७ रुग्णांची, माहिती हाती आली. २००५ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे की, स्टिरॉइड घेतलेल्यांत सहा महिन्यांच्या आत शेकडा २५.७ जण दगावले होते. न घेतलेल्यांत २२.३. उपकारक म्हणून दिले जाणारे औषध घातक ठरले. अर्थात तेथे प्रश्न ठरलेले होते आणि माणूस सापडेपर्यंत त्याचा शोध घेतला गेला होता, हे विसरता येणार नाही.

दूरसंपर्काच्या बाबतीत आमचा जिल्हा तसा मागे नाही, ही गंमतच म्हणावयाची. देशातील पहिले आधार पत्र २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. त्याआधीच राज्याने ‘इस्रो’च्या साहाय्याने उपग्रहाद्वारे वैद्यकीय सल्ल्याचा प्रयोग आरंभला, तेव्हा मुंबईच्या केईएम रुग्णालयाशी जोडलेल्या पहिल्या काही जिल्हा रुग्णालयांत नंदुरबार होते. नंतर ‘ई-संजीवनी’ आली, २०२२ साली मानसिक आरोग्यासाठी ‘टेली-मानस’ आले. यंत्रे आली, क्रमांक आले. विचारावयाचे काय आणि कोणाला, हा प्रश्न मात्र प्रत्येक वेळी मागच्या बाकावरच राहिला.

केईएमचा उल्लेख आला म्हणून एका प्रसंगाची आठवण करून देणे भाग आहे. दुरून केलेल्या परीक्षणाचा तो महाराष्ट्रातला सर्वांत गंभीर प्रसंग होता. तेथील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला झाला, साखळीने गळा आवळला गेला आणि मेंदूचा प्राणवायू तुटला. अपघाती मारापेक्षा ही इजा वेगळ्या प्रकारची. पण त्यांच्या स्थितीविषयी पडलेला प्रश्न तोच होता. २०११ साली दयामरणाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तीन डॉक्टरांचे पथक नेमले. त्यांनी केलेल्या तपासणीची चित्रफीत २ मार्च २०११ रोजी दिल्लीत भर न्यायालयात पडद्यावर दाखविण्यात आली. मुंबईच्या एका खोलीतला जीव न्यायमूर्तींनी असा दुरून पाहिला. परंतु निर्णय केवळ त्या पडद्यावर झाला नाही. पथकाच्या अहवालातच परिचारिकांनी सांगितलेल्या बारीक गोष्टी नोंदविल्या होत्या: माशाचे किंवा कोंबडीचे सूप दिले की त्यांच्या चेहऱ्यावर हसू येते, नावडते अन्न त्या थुंकून टाकतात, खोलीत माणसे वाढली की अस्वस्थ होतात आणि ती निघून गेली की शांत होतात. सदतीस वर्षे शुश्रूषा करणाऱ्यांचा शब्द न्यायालयाने वजनदार मानला आणि ७ मार्च २०११ रोजी याचिका फेटाळली. दयामरणाच्या वादात मला येथे शिरावयाचे नाही. चित्रफितीला जे तासाभरात दिसणे शक्य नव्हते ते जवळच्या माणसांना ठाऊक होते आणि ते विचारून घेण्याइतका विवेक त्या प्रक्रियेत होता, एवढेच सांगावयाचे आहे. अरुणाबाईंचे निधन १८ मे २०१५ रोजी झाले.

आता आमच्या विद्यार्थ्याच्या दूरध्वनीकडे पुन्हा पाहू. पाय मोडलेल्या माणसाला ‘पाय कसा आहे’ असे विचारले तर तो पाहून सांगू शकतो. मेंदूची इजा ही एकच इजा अशी की, जो अवयव जखमी झाला त्यालाच साक्षीला बोलवावे लागते. स्वतःतील बदलाचे भान न राहणे हे या इजेचे ओळखले गेलेले लक्षण आहे. तो हट्टही नव्हे आणि लबाडीही नव्हे. आरोपीनेच न्यायाधीश व्हावे असा हा प्रकार, फरक इतकाच की येथे आरोपीही निरपराध आहे. म्हणून केवळ रुग्णाशी बोलून केलेली नोंद ही नोंदच नव्हे, असे माझे मत आहे.

यात आणखी एक थर आहे. अमर्त्य सेन यांनी २००२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दाखवून दिले होते की, आयुर्मान सर्वाधिक असलेल्या केरळात आजारी असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाणही अधिक आहे आणि आयुर्मान कमी असलेल्या बिहारमध्ये ते कमी आहे. बिहारी माणूस अधिक निरोगी असतो असा याचा अर्थ नव्हे. आरोग्याकडून त्याची अपेक्षाच कमी असते. हाच नियम तळोद्याला लावा. ज्याने घरात कोणाला पूर्ण बरे झालेले क्वचितच पाहिले, त्याच्या लेखी अंथरुणावरून उठणे म्हणजेच बरे होणे. मुंबईतल्या एखाद्या हिशेबनिसाला आकडे पूर्वीसारखे जुळत नाहीत हे आठ दिवसांत जाणवते आणि त्याची कचेरीही त्याला ते जाणवून देते. आमच्याकडे तक्रार करावयाला कचेरी नसते. मग एकाच इजेची नोंद मुंबईत ‘मध्यम अपंगत्व’ आणि अक्कलकुव्यात ‘चांगली सुधारणा’ अशी होते, आणि आदिवासी लवकर बरे होतात असा एखादा भव्य सिद्धान्तही त्यातून जन्माला येऊ शकतो!

जे सापडत नाहीत त्यांचे काय? पावसाळ्यात अपघात झालेल्याचा सहावा महिना डिसेंबर-जानेवारीत येतो. त्या वेळी आमच्या तालुक्यांतली शेकडो घरे कुलूपबंद असतात. ऊसतोडीसाठी माणसे गुजरातेत गेलेली असतात. ज्या क्रमांकावर घंटी वाजावयाची तो मोबाइल घरातल्या तिसऱ्याच माणसाच्या खिशात, आणि तोही जेथे आवाज पोहोचत नाही अशा फडात. अशा रुग्णापुढे ‘संपर्क झाला नाही’ असे लिहून त्याला बेरजेतून वगळले जाते. संख्याशास्त्राच्या पहिल्या धड्यात आपण मुलांना शिकवितो की, गळालेले नमुने योगायोगाने गळालेले नसतील तर सरासरी खोटी ठरते. येथे गळतात ते गरिबातले गरीब, आणि ते गळाले की उरलेल्यांची सरासरी आपोआप सुधारते. शिवाय ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी हे मजुरीचे माप असते, तिला ‘कोयता’ म्हणतात. एकाचा तोल गेला, गोंगाट सोसेनासा झाला, सांगितलेले ध्यानात राहीनासे झाले की सारा कोयता मोडतो, आणि उचल घेतलेली रक्कम तर अंगावर असतेच. हे नुकसान कोणत्याही रुग्णालयाच्या कागदावर येत नाही.

कागदाचे महत्त्व कारकून बंधूंना मी सांगावयास नको. वाहनाच्या धडकेने जखमी झालेल्याचा भरपाईचा दावा घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालच्या एका निकालात स्पष्ट केले आहे की, शारीरिक अपंगत्वाची टक्केवारी आणि कमावण्याच्या क्षमतेची हानी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डावा हात गमावला तर चालक किंवा सुतार जवळजवळ पूर्णच उत्पन्नाला मुकेल. शासकीय नोकरीतल्या कारकुनाची नोकरी कदाचित टिकेल. हा विचार शहाणपणाचा आहे, पण तो अमलात यावयाचा तर कमावण्याच्या क्षमतेचे काय झाले हे कोणी तरी वेळेवर लिहून ठेवलेले असावे लागते. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने दाव्याला सहा महिन्यांची मुदत घातली. म्हणजे ज्या महिन्यात वैद्यकशास्त्र परिणाम मोजावयास बसते त्याच महिन्यात कायद्याचे दार लोटले जाते. त्या वेळी रुग्णालयाच्या कागदावर ‘बरा आहे’ असा शेरा असेल तर विमा कंपनीच्या वकिलाला दुसरा पुरावा शोधावा लागणार नाही. दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. आमच्या भागाला छळणारा सिकलसेल त्यांत आला, ही समाधानाची बाब. अपघाताने मेंदूला झालेल्या इजेला मात्र स्वतंत्र रकाना नाही. ती वाचादोषात, चालण्याच्या अडचणीत किंवा मानसिक आजारात कोठे तरी बसवून घ्यावी लागते. ज्याचे चालणे-बोलणे शाबूत आहे आणि केवळ हिशेब, स्मरण व संयम गेला आहे, त्याने कोणत्या खिडकीपुढे उभे राहावे?

करावे काय? माझी पहिली सूचना पैशाविषयीची आहे आणि ती डॉक्टरमंडळींना आवडणार नाही. शासकीय विमा योजनेतून मेंदूवरील शस्त्रक्रियेचे देयक दिले जाते, त्यातला शेवटचा छोटा हप्ता सहाव्या महिन्याची नोंद झाल्यावरच द्यावा. ही नोंद ज्या रुग्णालयाने शस्त्रक्रिया केली त्याच्याकडून मात्र घेऊ नये. ज्याने शिकविले त्यानेच उत्तरपत्रिका तपासू नये, हा नियम आम्हां अध्यापकांना विद्यापीठ लावते. तो येथे का लावू नये? विचारपूस जिल्ह्याच्या ठिकाणाहून व्हावी. नंदुरबारला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि तेथील विद्यार्थ्यांना या कामाइतके चांगले शिक्षण दुसरे मिळणार नाही.

दुसरी गोष्ट प्रश्नांची. ग्लासगोचे प्रश्न शब्दशः उतरवून चालणार नाही. त्यांचा हेतू उतरवावा लागेल. एकट्याने बाजारहाट म्हणजे येथे आठवड्याच्या बाजारात आमचूर किंवा मिरची विकून पैसे मोजून घेणे. एकट्याने प्रवास म्हणजे बस बदलून योग्य गावी उतरणे. एकट्याने राहणे म्हणजे मोहफुले वेचावयास पहाटे जाऊन वाट न चुकता परतणे. हे प्रश्न भिलीत आणि पावरीत, रुग्णाला आणि घरातल्या एका माणसाला वेगवेगळे विचारले जावेत. दोन उत्तरे जुळली नाहीत तर तीच सर्वांत मोलाची माहिती समजावी. प्रत्येक गावातली आशा सेविका ती भाषा बोलते, ते घर ओळखते. दूरध्वनी तिच्या हाती असावा, ती त्या ओट्यावर बसलेली असावी आणि या अर्ध्या तासाचे मानधन तिला रोख मिळावे; ‘सेवाभाव’ या शब्दाने तिची बोळवण करू नये.

वेळेविषयीही थोडे सांगावयास हवे. नियमाने सहावा महिना धरला तरी एक नोंद होळीच्या सुमारास अवश्य व्हावी. सातपुड्यातला माणूस दिवाळीला कदाचित घरी नसेल, होळीला तो कोठेही असला तरी परततो. होळीआधी भोंगऱ्याचे बाजार भरतात, कोणत्या गावी कोणत्या दिवशी हे सगळ्यांना आधीच ठाऊक असते, आणि त्या बाजाराला अख्खे कुटुंब येते. तेथे एका झाडाखाली टेबल टाकून बसलेल्या दोन सेविकांना वर्षभराचे हरवलेले रुग्ण एका दिवसात सापडतील. बरा आहे म्हणणारा तो गडी ढोलाच्या आवाजापासून लांब का उभा आहे, आणि खिशातले पैसे बायको का सांभाळते आहे, हे त्यांना विचारावेही लागणार नाही.